लाल रुमालातला खेळ

"काहून ठेवून राहिला गा?"

हा प्रश्न मी बारा वर्षं ऐकला. सदर भागातल्या आमच्या सरकारी कार्यालयात ताईंचं टेबल माझ्या टेबलासमोर होतं. माझ्या हातातला कागद डाव्या कोपऱ्याकडे, म्हणजे 'नंतर बघू'च्या दिशेने सरकायला लागला की समोरून हा प्रश्न यायचा. त्या मान वर करून बघतही नसत. मी कागद परत ओढून घ्यायचो, त्यावर काहीतरी टिपणी खरडायचो आणि ताई जागेवरून उठल्या की पुन्हा त्याच कोपऱ्यात ठेवायचो. उद्याचं काम आज करणाऱ्या माणसाला उद्या काय करायचं हा प्रश्न पडत असेल, असं मला अजूनही प्रामाणिकपणे वाटतं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला स्वस्थ बसता येत नाही. ताई खुर्चीवर बसल्या तरी त्यांचा उजवा पाय काही बसायचा नाही. तो टेबलाखाली सारखा हलायचा, आणि आमची टेबलं एकमेकांना चिकटून असल्यामुळे माझ्या पेल्यातलं पाणी दिवसभर थरथरायचं. डबा त्या उभ्यानेच खायच्या. बेसाहून स्कूटरवर यायच्या आणि वाटेत दोन सिग्नल लागोपाठ लाल मिळाले तर अर्धा तास रागात असायच्या, त्या सिग्नलवर. त्यांच्याकडे पाहून आपणच काहीतरी विसरलो आहोत असं वाटायला लागायचं. मी तर दोनदा घरी फोन करून गॅस बंद आहे का विचारलं आहे.

या घाईला कारण होतं, आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नवरा याच खात्यात नोकरीला होता. मुलगा तीन वर्षांचा असताना तो गेला. अनुकंपा नोकरीसाठी ताईंनी अर्ज केला आणि तो अर्ज कुणाच्या तरी टेबलावर चार वर्षं पडून राहिला. तो कुणी नाकारला नाही, मंजूर केला नाही आणि हरवलाही नाही. ताई दर महिन्याला मुलाचा हात धरून चौकशीला जायच्या आणि टेबलामागचा माणूस शांतपणे म्हणायचा, "आहे ना बाई, ठेवलेला आहे." त्या माणसालाही माझ्यासारखाच एक डावा कोपरा असणार. हे ऐकल्यावर मी आठवडाभर एकही कागद ठेवला नाही. पुढच्या सोमवारपासून पुन्हा होतंच सुरू.

सरकारी टेबलावर कागद कसे ठेवायचे याची एक पद्धत आहे, सहा गठ्ठ्यांची. आपण करायचं आहे ते प्रलंबित. आपलं करून झालं, पण दुसऱ्याकडून उत्तर यायचं आहे ते प्रतीक्षाधीन. असं करत करत शेवटचा गठ्ठा 'ड' वर्गाचा, म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट करायच्या कागदांचा. ही पद्धत सगळ्यांना शिकवतात आणि सगळे ती तपासणीच्या दिवशी पाळतात. ताई रोज पाळायच्या. प्रत्येक गठ्ठा लाल रुमालात बांधलेला आणि वर त्यांची ती गाठ. रेकॉर्ड रूममधल्या एका जुन्या शिपायाने त्यांना ती शिकवली होती. कितीही हिसकली तरी सुटायची नाही, आणि एक ठरावीक टोक ओढलं की लगेच सुटायची. ताईंनी मला ती दहा-बारा वेळा शिकवली. मला आली नाही.

मुलगा इंजिनियर झाला आणि परदेशी गेला. जाताना बेसाच्या फ्लॅटमध्ये एक फळी भरून व्हिडिओ गेम ठेवून गेला. निम्म्यांवरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. ताईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, खेळायचे राहून गेले, कधीतरी खेळीन.

'कधीतरी' हा शब्द त्याने त्या घरात उच्चारायला नको होता. पंधरा दिवस ताईंनी कसेबसे काढले. मग एका सोमवारी ऑफिसात आल्या आणि पर्स टेबलावर ठेवायच्या आधीच मला म्हणाल्या, "त्रेसष्ट प्रकरणं पेंडिंग आहेत गा घरी. मले झोप नाई येऊन राहिली."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी डब्यांमधली माहितीपत्रकं वाचली, हातात धरायच्या रिमोटवरच्या बटणांचा एक तक्ता तयार केला आणि तो टीव्हीच्या बाजूला चिकटवला. पहाटे नळ आला की पाणी भरायचं आणि मग आठपर्यंत खेळायचं, असं वेळापत्रक ठरलं. खेळायच्या उभ्याने. पडद्यावरची गाडी डावीकडे वळली की त्याही डावीकडे वाकायच्या, उडी मारायची असली की टाचा उचलायच्या. मी एका रविवारी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. हातातला चहा सांभाळत मी सोफ्याच्या पार टोकाला जाऊन बसलो होतो.

गाड्यांच्या शर्यतीत त्या शहरातल्या प्रत्येक लाल सिग्नलला थांबल्या आणि प्रत्येक वेळी शेवटच्या आल्या. खऱ्या सिग्नलचा एवढा राग येणारी बाई खोट्या सिग्नलला थांबते, हे मी दाखवून दिलं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की राग येणं वेगळं आणि सिग्नल तोडणं वेगळं. मेलेली माणसं अंगावर धावून येतात अशा एका खेळात त्या पहिल्याच दारात अडून बसल्या. "मेलेलाच आहे तो. त्याले आणखी कायले मारायचं?" एवढं बोलून त्यांनी वही काढली. प्रत्येक खेळाची एका वहीत नोंद होती आणि शेवटच्या रकान्यात शेरा. या खेळापुढे त्यांनी लिहिलं, 'संबंधित मयत असल्याने कार्यवाही शक्य नाही. नस्तीबंद.'

म्हणजे खेळ जिंकायचाच असा काही त्यांचा आग्रह नव्हता. खेळ उघडायचा, त्याचं काय म्हणणं आहे ते ऐकून घ्यायचं आणि त्याला निकाल द्यायचा. वाट पाहायला लावायचं नाही, एवढंच. दिवाळीपर्यंत फळी अर्ध्यावर आली आणि ताईंचा पाय जरा कमी हलायला लागला. माझ्या पेल्यातलं पाणी स्थिर दिसलं की मला चुकल्यासारखं वाटायचं.

मग त्यांना दुसरी फळी सापडली. ही भिंतीवर नव्हती, यंत्राच्या आत होती. मुलाचं खातं अजून त्याच यंत्रावर चालू होतं, आणि तो तिकडे बसून विकत घेत असलेले खेळ इकडच्या यादीतही दिसत होते. सवलतीचा काळ आला की यादी वाढायची. ताईंनी दोन निपटवले की पाच यायचे. एकही खेळ त्याने उघडलेला नव्हता.

एकदा डबा खाता खाता त्यांनी मला विचारलं, ज्याला खेळायला वेळ नाही तो माणूस खेळ घेतो कशाला? मी म्हटलं, पुढे फुरसत मिळेल या आशेनं घेत असेल. माझ्याकडेही पाच वर्षांपूर्वी घेतलेले चालायचे बूट आहेत.

ताई पोळीचा तुकडा हातात घेऊन थांबल्या. "दर रविवारी फोनवर म्हणते पोरगा, सगळं मजेत आहे. ह्या आठवड्यात अकरा खेळ घेतले गा त्यानं."

तेव्हापासून त्या त्याच्या फोनपेक्षा त्या यादीवर जास्त विश्वास ठेवायला लागल्या. यादी वाढली की पोरगं तिकडे एकटं पडलंय, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो बहुधा चूक नव्हता. फोनवर विचारलं तर तो दोन मिनिटांत ठेवायचा. मग त्या आणखी जोरात खेळायच्या. जणू इकडची यादी रिकामी केली की तिकडचं काहीतरी हलकं होणार होतं.

एप्रिल उजाडला. कूलर लागले. एका सकाळी यंत्राने पडद्यावर लिहून दाखवलं की आता जागा शिल्लक नाही. ताईंनी आत काय काय साठलंय ते काढून पाहिलं. अर्धवट सोडलेल्या खेळांच्या जतन केलेल्या नोंदी होत्या. ज्याला पोरं सेव्ह म्हणतात, ते. त्यात एक भलीमोठी नोंद होती, आणि तिला गेल्या दहा वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. वर्षभर ठेवून नष्ट करायचे ते 'ड'. इथे तर दहा वर्षं. ताईंनी नियमाप्रमाणे नष्ट करायच्या नोंदींची यादी केली, दोन प्रतींत, आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी न वाचता सही केली. मी नेहमी तशीच करतो.

रविवारी त्यांनी मुलाला फोनवर कौतुकाने ती यादी वाचून दाखवली. तो एवढंच म्हणाला, "आई, ती का काढली?" आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी आला नाही. ताईंनी केला तर तो उचलत नव्हता.

खरा प्रकार ताईंना कळला तो मौद्याहून. मुलाच्या शाळेपासूनच्या तीन मित्रांपैकी एक पुण्याला, एक बंगळुरूला आणि एक इथेच, मौद्याला शिफ्टच्या नोकरीवर. ताईंनी त्याला फोन लावला. त्याने सांगितलं ते असं. बारावीच्या सुट्टीत चौघं मिळून ताईंच्या हॉलमध्ये, कूलरसमोर एकच खेळ खेळत होते. एका घोडेस्वाराचा खेळ होता. पाळीपाळीने चौघांनी त्याला शेवटच्या दरवाजापर्यंत आणला. दरवाजाच्या आत शेवटची लढाई. ती करायची ती चौघांनी मिळूनच, असं ठरलं; पण त्या दिवशी पुण्याचा पोरगा आला नव्हता. मग निकाल लागले, ॲडमिशन झाल्या आणि चौघं पांगले. दहा वर्षं दर दिवाळीत एकमेकांना विचारायचे, औंदा येऊन राहिला का? कुणी ना कुणी नसायचंच. आणि ताईंचा मुलगा प्रत्येकाला सांगायचा, असू द्या, घोडा दारातच उभा आहे, आपल्यासाठी थांबलाय.

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात आल्या त्या सरळ खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बाहेर बघत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाल्या, "माह्या हातून गठ्ठा चुकला. ते 'ड' नव्हतं गा. प्रतीक्षाधीन होतं."

एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्या पूर्ण रडल्या नाहीत; चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी म्हटलं, साक्षीदाराची सही माझीच आहे, निम्मी चूक माझी. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू एवढं तरी तुझ्या नावावर लिहायला हरकत नाही.

आमच्याकडे एखादी नस्ती, म्हणजे फाइल, गहाळ झाली की तिची पुनर्बांधणी करतात. दुसऱ्या कार्यालयांतून प्रती मागवायच्या, संबंधितांचे जबाब घ्यायचे आणि कागद जुळवत जुळवत नस्ती पुन्हा उभी करायची. ताईंनी नोकरीत अशा कितीतरी नस्त्या उभ्या केल्या होत्या. त्यांनी तिन्ही मित्रांना रीतसर प्रश्नावली पाठवली. घोड्याचं नाव काय होतं? स्वाराच्या कमरेला कोणती तलवार? अंगावर काय? झोळीत काय शिल्लक? पोरांनी आधी चेष्टा समजून दोन ओळी लिहिल्या. ताईंनी ते जबाब अपूर्ण म्हणून परत केले. मग मात्र पोरांनी मन लावून लिहिलं. घोड्याचं नाव 'खटारा', यावर तिघांचं एकमत होतं. झोळीत औषधी मुळ्या होत्या, एकही वापरलेली नव्हती. टोपीवर घोडं अडलं. पुणे आणि मौदा म्हणत होते टोपी लाल, बंगळुरू म्हणे टोपीच नव्हती. ताईंनी बहुमताने लाल धरली.

आणि मग ज्या खेळाला त्या चार पोरांना सगळा उन्हाळा लागला होता, तो खेळ निवृत्तीला टेकलेल्या त्या बाईने पहिल्यापासून खेळायला घेतला. या वेळी शेरा मारून मोकळं होता येत नव्हतं. प्रत्येक लढाई जिंकायलाच हवी होती. त्या हरत. दिवसातून वीसदा हरत. ऑफिसात आल्या की मनगटाला बाम चोळत बसायच्या. त्यांच्या टेबलावर, डाव्या कोपऱ्यात, मी पहिल्यांदा कागद पडलेले पाहिले. चार दिवस पाहिले आणि मग मला राहवेना. त्या जेवायला उठल्या की मी ते कागद उचलायचो आणि निपटवून परत ठेवायचो. त्यांनी ओळखलं असणार, कारण माझं अक्षर लपत नाही.

एका पुलावर एक राक्षस होता. त्याने ताईंना पाच आठवडे पुढे जाऊ दिलं नाही. शेवटी मौद्याचा पोरगा ड्युटी संपवून तसाच कामाच्या कपड्यांत बेसाला आला, कूलरसमोर त्याच्या जुन्या जागी मांडी घालून बसला आणि दहा मिनिटांत राक्षस पाडून मोकळा झाला. त्यानंतर तो दोन तास तिथेच बसून होता. ताईंनी पोहे केले. तो म्हणाला, मावशी, दहा वर्षांत मी ह्या घरात आलोच नाही, पाहा ना. हे सांगताना ताईंचा आवाज बदलला होता. पोरगा इतक्या जवळ होता आणि आपण एकदाही बोलावलं नाही, हे त्यांना लागलं होतं.

नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी मला फोन आला, ये म्हणून. मी गेलो. पडद्यावर एक अवाढव्य दरवाजा होता आणि त्याच्यासमोर लाल टोपीवाला स्वार. बाजूला खटारा मान हलवत होता. ताई उभ्या होत्या, अंगठा बटणावर.

"एक बटन दाबलं की निपटते गा हे."

त्यांचा पाय इतका हलत होता की टीपॉयवरचं चष्म्याचं घर सरकायला लागलं. सात महिने त्या या दरवाजासाठी झगडल्या होत्या, आणि आयुष्यात त्यांनी हाती आलेलं काम कधी सोडलं नव्हतं. मला खरोखर वाटलं की आता दाबणार. त्यांनी रिमोट अलगद टीव्हीपाशी ठेवला, मागे येऊन सोफ्यावर बसल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मग माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि मुलाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

दीड-दोन तास उत्तर आलं नाही. आम्ही चहा घेतला, परत घेतला. मी निघतो म्हणालो तर त्यांनी बस म्हटलं. शेवटी फोन वाजला. ताईंनी तो घाईघाईने स्पीकरवर टाकला.

"आई, टोपी निळी होती."

"तिघातून दोघांनं लाल सांगतली."

"निळी होती, आई." तो हसत होता की रडत होता ते मला कळलं नाही.

"मंग बदलवते ना बाप्पा," ताई म्हणाल्या आणि तशाच उठून रिमोट हातात घेतला.

डिसेंबरात मुलगा आला. पुण्याचा आला, बंगळुरूचा आला. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे आम्हाला त्या महिन्यात रजा नसते, पण रविवार होता, म्हणून साक्षीदार या नात्याने मीही गेलो. विमानाने यायचे ते सगळे पोचले आणि तासाभरावर राहणारा मौद्याचा मात्र अडकला. ऐन वेळी त्याची रजा रद्द झाली होती. बाकीचे म्हणाले, त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवू, करून टाकू. मुलगाही म्हणाला, आई, तू एवढी मेहनत केली, आता संपवूनच टाकू. मी ताईंकडे पाहिलं. उजवा पाय सुरू झाला होता. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून तो दाबून धरला.

"नाई. चौघं असल्याबिगर नाई."

ज्या बाईने मला बारा वर्षं एक कागद सुखाने ठेवू दिला नाही, तिने हे म्हटलं. पोरांनी मग दुसराच कुठला तरी खेळ लावला आणि दिवसभर दंगा केला. ताई स्वयंपाकघरातून सारख्या येऊन बघून जायच्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, का ते सांगता येणार नाही.

पुढच्या मे महिन्यात ताई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे जायचं ठरलं. निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा ऑफिसात आल्या. हातात लाल रुमालाचा गठ्ठा. आत त्या खेळाची डबी, दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलेला तो घोडा, आणि तिघांचे जबाब. वर चिठ्ठी, त्यांच्या अक्षरात. 'प्रतीक्षाधीन. चौघांची उपस्थिती आवश्यक.' म्हणाल्या, बंद घरात उधई, म्हणजे वाळवी लागते, हे तू सांभाळ. मी म्हटलं, ताई, माझ्याकडे कागद राहतो कसा ते तुम्हाला ठाऊक आहे.

"म्हणूनच तं," त्या म्हणाल्या. "तुह्याइतकं ठेवून देणारं माणूस अख्ख्या सदरमध्ये नाई."

आयुष्यात कुणी माझ्या आळसाचा असा मान ठेवला नव्हता. मी गठ्ठा कपाटावर ठेवला, टेबलावरून दिसेल असा. दर सोमवारी ऑफिस उघडायच्या वेळेला तिकडून एका शब्दाचा मेसेज यायचा, 'गठ्ठा?' मी लिहायचो, 'आहे.' त्या बर्फाच्या गावात त्या दिवसभर काय करत असतील याची मला काळजी वाटायची. मुलगा सांगायचा की त्यांनी त्याच्या इमारतीतल्या सगळ्यांची टपालं लावून दिली आहेत. आपण आता नवीन खेळ घेत नाही, आधी जुने संपव म्हणून आई मागे लागते, हेही त्याने सांगितलं. सांगताना तो खूश होता.

या फेब्रुवारीत त्या गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. तिथेही घाईच. मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. समोरच्या टेबलावर आता एक शांत गृहस्थ बसतात. माझ्या पेल्यातलं पाणी दिवसभर हलत नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ऑफिस उघडलं तेव्हा मी सवयीने फोन समोर ठेवून बसलो. आपण कुणाची वाट बघतोय हे लक्षात आलं आणि फोन उचलून खिशात टाकणार, तेवढ्यात तो वाजला. मुलाचा मेसेज होता. त्याने आईच्या फोनमध्ये वाचलं असावं. 'काका, गठ्ठा?'

मी लिहिलं, 'आहे.'

दिवाळीत चौघंही आले. मौद्याच्या पोराने शिफ्ट बदलून घेतली होती. मी गठ्ठा पिशवीत न घालता मांडीवर घेऊन ऑटोने बेसाला गेलो; वाटेतले सगळे सिग्नल लाल लागले. घर उघडून झाडून ठेवलेलं होतं. चौघं टीव्हीसमोर आपापल्या जुन्या जागी बसले होते, आणि बटणांचा तो तक्ता अजून तिथेच चिकटलेला होता. मी सोफ्याच्या टोकाला बसलो. कुठलं टोक ओढायचं ते मला माहीत होतं. पण एकदा ओढलं की मला ती गाठ परत बांधता येणार नव्हती, आणि ताईंच्या हातची आता तेवढीच शिल्लक होती. मी रुमालावर हात ठेवून बसून राहिलो. पोरं माझ्याकडे बघत होती. माझा उजवा पाय हलायला लागला होता.

"काका," मुलगा हळूच म्हणाला, "काहून ठेवून राहिले?"

मी टोक ओढलं.